आवक क्रमांक

माझ्या कपाटात एक निळी फाईल आहे. २०१६ ते २०२३ या सात वर्षांत आमच्या तालुका संघटनेनं दिलेल्या निवेदनांच्या प्रती तिच्यात लावलेल्या आहेत. मोजल्या तर एकतीस भरतात. प्रत्येकीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि कुणा लिपिकाची सही. याला आम्ही ‘पोच’ म्हणतो. एकतीस निवेदनांची पोच आहे, उत्तरं आली चार. त्यातल्या तीन उत्तरांत मजकूर एकच : आपले निवेदन उचित कार्यवाहीसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे सादर करण्यात आले आहे.

मी कृषी सहायक आहे. धुळे जिल्ह्यात तापीच्या अलीकडच्या एका तालुक्यात सात गावं माझ्याकडे आहेत. कापूस, मका, दादर ज्वारी, थोडा गहू-हरभरा. जूनमध्ये बियाण्या-खतांची धावपळ, ऑगस्टपासून गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे आणि शेतीशाळा, पुढे पीक कापणी प्रयोग, आणि मधेच आभाळ फिरलं की पंचनामे. २००८ साली रुजू झाले तेव्हा पेन्शन हा शब्द माझ्या डोक्यातही नव्हता. पगारातून दहा टक्के कापले जायला लागले, पावतीवर ‘डीसीपीएस’ असं छापलेलं होतं. मला वाटलं, हाच आपला भविष्य निर्वाह निधी. दोन वर्षांनी एका वयस्कर लिपिकानं समजावलं की १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जुनीत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम मिळते, त्यावर महागाई भत्ता मिळतो, माणूस गेला तर घरच्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. आमच्यासाठी मात्र ही डीसीपीएस, म्हणजे परिभाषित अंशदान योजना : आमचे दहा टक्के आणि सरकारचा वाटा एकत्र करून बाजारात गुंतवायचे, निवृत्तीच्या वेळी जे जमेल त्यातले साठ टक्के हातात घ्यायचे आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांतून दरमहा काय येईल ते विमा कंपनी सांगेल. सरकारचा वाटा आधी दहा टक्के होता, २०१९ पासून चौदा झाला. मी ऐकून घेतलं आणि विसरून गेले. तीस वर्षांची होते. म्हातारपण फार लांब वाटत होतं.

ते जवळ आलं २०१६ मध्ये. माझ्या सजातले, म्हणजे माझ्याकडच्या गावांतले, ग्रामसेवक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, रात्री ग्रामसभा आटोपून मोटरसायकलवर घरी निघाले होते आणि सुरत महामार्गावर ट्रकनं त्यांना उडवलं. नऊ वर्षं नोकरी झाली होती. दोन मुलं, धाकटं बालवाडीत. वहिनी तेराव्यानंतर कापडी पिशवीत कागद घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लागल्या. मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले. नवऱ्याच्या खात्यात जमलेली रक्कम मिळायलाच किती महिने गेले. आणि दरमहाचं काय, असं वहिनींनी विचारलं तेव्हा समोरच्या माणसानं खाली बघत सांगितलं की दरमहा असं काही नाही. तो माणूसही २००५ नंतरचाच होता. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही. आपलं घर त्याच जागी उभं आहे हे त्यालाही त्या क्षणी कळलं होतं.

त्या आठवड्यात आम्ही सात-आठ जण बसलो आणि पहिलं निवेदन लिहिलं. सेवेत मृत्यू आला तर कुटुंबाला निवृत्तिवेतन द्या, एवढीच मागणी. मी ते हातानं दोनदा लिहून काढलं, मग टाईप करून आणलं. पोच मिळाली तेव्हा खरं सांगते, मला फार मोठं काहीतरी झाल्यासारखं वाटलं होतं. घरी येऊन आईला तो शिक्का दाखवला.

नंतर नंतर कळत गेलं की शिक्का पडतो आणि कागद एका मोठ्या विहिरीत जातो. एकदा शिष्टमंडळाला वेळ मिळाली. आम्ही पाच जण उभे होतो, साहेब बसलेले. चांगले गृहस्थ होते, त्यांनी निवेदन नीट वाचलं आणि म्हणाले, “ताई, तुमचं बरोबर आहे, पण हे माझ्या हातात नाही.” त्यांचं खरं होतं. तालुक्यात ते कुणाच्याच हातात नव्हतं, जिल्ह्यातही नव्हतं. ज्यांच्या हातात होतं त्यांच्यापर्यंत आम्ही नियमानं, हक्कानं, तारीख घेऊन पोचू अशी वाटच नव्हती. परत येताना एसटीत मी तेच घोकत होते. नाही म्हणायचं तर म्हणा, पण समोर बसवून म्हणा.

मग मी वाचायला लागले. वकील नाही मी, पण निकालपत्रांचे मराठी सारांश, संघटनेच्या जुन्या पुस्तिका, जे हाती लागेल ते वाचलं. घटनेचं कलम १९ संघटना स्थापन करायचा हक्क देतं. पण १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संघटना करायच्या हक्कात सामूहिक वाटाघाटींचा हक्क किंवा संपाचा हक्क आपोआप येत नाही. १९६२ मध्ये बिहार सरकारच्या नियमाविरुद्धच्या खटल्यात न्यायालयानं शांततेच्या निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली, संपावरची बंदी मात्र राहू दिली. आणि २००३ मध्ये तमिळनाडूत सरकारनं संपावर गेलेल्या लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढलं. तेव्हा न्यायालयानं निकाल दिला की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही. त्यांना परत घेतलं ते बिनशर्त माफी लिहून घेऊन. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नैतिकही नाही, या शब्दांपाशी मी थांबले होते. वहिनींचा कागद घेऊन पायऱ्या चढणं नैतिक होतं ना? मग तोच कागद पाच हजारांनी मिळून धरला तर त्यातली नीती कुठे जाते?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन मोठे करार आहेत, ८७ आणि ९८ क्रमांकांचे. पहिला संघटना स्वातंत्र्याचा, दुसरा सामूहिक वाटाघाटींचा. भारत त्या संघटनेचा अगदी सुरुवातीपासूनचा सभासद आहे, तरी हे दोन करार त्यानं अजून मान्य केलेले नाहीत. आणि सरकार कारण देतं ते आमचंच : सरकारी नोकरांवर जी बंधनं आहेत ती या करारांत बसत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्या मामानं. मामा भुसावळला रेल्वेत फिटर होता. ८ मे १९७४ ला रेल्वेचा तो मोठा संप सुरू झाला तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते, वीस दिवस गाड्या अडकल्या होत्या, देशभरात हजारो माणसं तुरुंगात गेली. मामाला कामावरून काढलं. मामी सांगायची की रेल्वेच्या चाळीतून सामान बाहेर काढलं तेव्हा पाळणाही रस्त्यावर होता. १९७७ ला केंद्रात सरकार बदललं तेव्हा मामा परत कामावर लागला. असा माणूस संपाचं कौतुक सांगेल असं मला वाटलं होतं. मी निळी फाईल घेऊन गेले तेव्हा त्यानं ती चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, “बैठक कुठे आहे यात?”

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. रेल्वेत १९५२ पासून कायमची वाटाघाट यंत्रणा आहे, पीएनएम म्हणतात तिला. मान्यताप्राप्त युनियन विषय लिहून देते, विभागाच्या व्यवस्थापकासमोर ठरलेल्या मुदतीनं बैठक होते, विषयवार चर्चा होते, इतिवृत्त निघतं. विभागात नाही सुटलं तर झोनला, तिथे नाही तर रेल्वे बोर्डापर्यंत. कोणत्या युनियनला मान्यता हेही २००७ पासून गुप्त मतदानानं ठरतं. केंद्र सरकारच्या बाकी कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. तिथे पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झालं नाही तर विषय लवादाकडे जातो. “सगळं मिळत नाही बेटा,” मामा म्हणाला, “टेबल असूनही चौऱ्याहत्तरला आम्ही रस्त्यावर आलोच. पण साधी गोष्ट बघ. क्वार्टरचं छत गळतं, रात्रपाळीचा भत्ता चुकला, बढतीची यादी अडली, असल्या शेकडो गोष्टी त्या टेबलावर मिटल्या. त्यासाठी कुणाला गाडी थांबवावी लागली नाही.”

भुसावळ माझ्या गावाहून दीडशे किलोमीटरही नसेल. तिथे डीआरएमच्या, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या, कार्यालयात ज्या गोष्टीसाठी खुर्ची मांडली जाते, त्याच गोष्टीसाठी आमच्याकडे आवक नोंदवही आहे. त्या दिवसापासून मी पेन्शन मागत असले तरी मनातून मागते आहे ती खुर्ची. आमच्या संघटनेतले बरेच जण यावर माझ्याशी वाद घालतात. ते म्हणतात, आधी पेन्शन पदरात पाडू, यंत्रणा-बिंत्रणा नंतर. मला उलटं वाटतं. पेन्शन आज मिळेल, उद्या दुसरं सरकार दुसरं काही काढून घेईल, आणि आम्ही परत शिक्का मारून घ्यायला रांगेत.

२०२२ मध्ये राजस्थाननं जुनी पेन्शन परत आणली, मग छत्तीसगड, पंजाब, हिमाचल. आमच्याकडे पारा चढत गेला. २०२३ च्या मार्चमध्ये समन्वय समितीनं बेमुदत संपाची हाक दिली : सरकारी, निमसरकारी, शिक्षक, शिक्षकेतर सगळे एकत्र. तालुक्याची बैठक एका मंगल कार्यालयात झाली. हात वर करून मत घेतलं. माझा हात वर गेला तेव्हा जड झाला होता, हे लपवत नाही. घरात एकच कायमचा पगार, माझा. पती जिनिंगमध्ये हंगामी कामाला. दोनच दिवसांपूर्वी कार्यालयात परिपत्रक वाचून दाखवलं होतं : काम नाही तर वेतन नाही, वर्तणूक नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल. आणि १४ मार्चला, संपाच्या पहिल्याच दिवशी, विधिमंडळात मेस्माचं, म्हणजे अत्यावश्यक सेवांतले संप रोखणाऱ्या कायद्याचं, विधेयक मंजूर झाल्याची बातमी आली.

त्या दिवशी आम्ही धुळ्याला, क्युमाईन क्लबसमोर बसलो होतो. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. आरोग्यसेविका, तलाठी, प्राथमिक शिक्षक, कोषागारातले, बांधकामातले. इतकी वर्षं एकाच जिल्ह्यात काम करतो आणि एकमेकांची तोंडं ओळखत नाही, हे तिथे कळलं. माझ्या शेजारी एक शिपाई काका बसले होते. निवृत्तीला चौदा महिने उरलेले, नोकरी १९९० च्या आसपासची, म्हणजे जुन्या पेन्शनचे हक्कदार. मी म्हटलं, काका, तुम्ही कशाला पगार बुडवता? ते म्हणाले, “मन्ही पक्की शे. पन ह्या पोरेस्नं काय?” आणि टोपी नीट करून घोषणेला हात वर केला. त्यांनीच मला १९७७-७८ च्या संपाचं सांगितलं. केंद्रासारखा महागाई भत्ता मिळावा म्हणून चोपन्न दिवस चाललेला संप, र. ग. कर्णिक त्याचे पुढारी. काकांचे वडील तेव्हा तहसीलमध्ये शिपाई होते. चोपन्न दिवस घरात नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. आज आमच्या पगारपत्रकावर महागाई भत्ता दिसतो त्यात त्या ठेच्याचा वाटा आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

संपाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारून ढग दाटले. होळीच्या सुमारासही एकदा अवकाळी झोडपून गेली होती, तिचे पंचनामे अर्धवट पडलेले. आता परत वारा, परत पाऊस, काही शिवारात गारा. रात्री वडिलांचा फोन. आमचं शेत शेजारच्या तालुक्यात आहे, चार एकर. गहू कापणीला आलेला, ओंब्या भरलेल्या, आणि सगळा आडवा.

“गहू झोपी गया,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “तू संपवर शे, तुन्हासारखा आठला कृषीवाला बी संपवर शे. मन्हा गहूना पंचनामा कोन करी?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. नंतर त्यांनी आणखी एक विचारलं, जे खान्देशातल्या प्रत्येक गावात त्या आठवड्यात कुणी ना कुणी विचारत होतं : शेतकऱ्याला कोण पेन्शन देतो? मी म्हटलं, आप्पा, तुम्हालाही मिळाली पाहिजे, आणि मी तुमच्याविरुद्ध मागत नाहीये. ते म्हणाले, माहीत आहे. फोन ठेवला. मी अंगणात बराच वेळ उभी होते. ओल्या मातीचा वास येत होता. एरवी तो वास मला फार आवडतो.

नियम असा आहे की पिकाचं तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर मदत मिळते, आणि ते नुकसान तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून पंचनाम्यात नोंदवायचं. तिघंही संपावर. शेतकरी आडवा पडलेला गहू किती दिवस तसाच ठेवणार? तो कापणार, जे हाती लागेल ते घरात नेणार, आणि मग पंचनाम्याला दाखवायला शेतात काय उरणार?

दुसऱ्या दिवशी मांडवात यावर जे बोलणं झालं ते मी कधी विसरणार नाही. तरुण मुलं म्हणत होती की आता माघार घेतली तर संप संपला, सरकार हेच बघत बसलंय. एक तलाठी, स्वतःची मिरची पावसात भिजलेला, रडवेला होऊन म्हणाला की मी गावात कोणत्या तोंडानं जाऊ. दोन्ही बाजूंचं खरं होतं. कुणी कुणाला गद्दार म्हणालं, कुणी उठून गेलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, सही नका करू, पण डोळे तर आपल्याकडे आहेत. शिवारात जाऊ, गट नंबर लिहू, फोटो काढू, शेतकऱ्यासमोर टक्के वहीत टिपू. संप मिटला की त्याच वहीवरून पंचनामा भरू. नियमात हे कुठे बसतं मला माहीत नव्हतं आणि त्या दिवशी मी ते विचारलंही नाही. वरच्या पदाधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, तुमच्या तालुक्यापुरतं तुम्ही ठरवा.

आम्ही तिघं तीन दिवस फिरलो. सकाळी शिवार, दुपारी मांडव. वाफ्यांत पाणी, हरभऱ्याच्या घाट्या काळ्या पडलेल्या, मक्याची ताटं मोडून एकावर एक. एका बांधावर एक म्हातारा शेतकरी माझ्या वहीकडे बघत म्हणाला, “ताई, सही नही त काय कामनं?” मी त्यांना सांगितलं की सही करीन, माझा शब्द आहे. ते काही बोलले नाहीत. मला ते न बोलणं समजलं. शब्द देणारी माणसं त्यांनी माझ्या आधी पुष्कळ पाहिली होती, जशी मी पोच देणारी कार्यालयं पाहिली.

त्या तीन दिवसांत माझं मत पक्कं झालं. संप कुणाला लागतो? ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांच्या शेतात आडवा गहू नव्हता. तो माझ्या बापाच्या शेतात होता. आमच्या हातात दोनच गोष्टी आहेत, निवेदन आणि संप. मधलं काही नाही. निवेदनानं कुणाला काही होत नाही आणि संपानं होतं ते भलत्याला. मधलं जे हवं ते मामानं सांगितलं होतं : ठरलेल्या तारखेची बैठक, लेखी इतिवृत्त, आणि नाहीच जुळलं तर ज्याचा निवाडा दोघांनाही बांधील असा लवाद. हे असतं तर २०१६ ची आमची मागणी २०१६ मध्येच कुठल्या तरी टेबलावर हो किंवा नाही झाली असती, आणि २०२३ च्या मार्चमध्ये मी संयुक्त सहीसाठी मोकळी असते. ज्यांना कर्मचाऱ्यांचे संप नकोत त्यांनी तर ही यंत्रणा आमच्या आधी मागायला हवी.

२० मार्चला संप मागे घेतल्याची बातमी मोबाईलवर आली. सरकारनं तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली होती, तिनं तीन महिन्यांत अहवाल द्यायचा होता. मांडवात बराच वेळ कुणी हललं नाही. तरुण मुलं चिडली होती. एकानं टोपी काढून घडी घालून खिशात ठेवली आणि न बोलता गाडीला किक मारली. मलाही वाईट वाटलं. सात दिवसांत आम्हाला एक समिती मिळाली. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही तिघं वह्या घेऊन बसलो. २२ ला गुढीपाडवा होता. घरोघर गुढ्या उभ्या होत्या आणि आम्ही चावडीत पंचनाम्याच्या अर्जांवर सह्या करत होतो. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कागदावर सही केली, तेव्हा त्यांनी घरून आणलेली साखरेच्या गाठीची माळ माझ्या वहीवर ठेवली.

वडिलांच्या गव्हाचा पंचनामा त्यांच्या गावच्या लोकांनी केला, पण उशिरा. तोवर त्यांनी कापणी करून टाकली होती. मदतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. त्यांनी मला ते सांगितलंही नाही, आईकडून कळलं.

आणि मग ३१ मार्च. त्या दिवशी शासन निर्णय निघाला : राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या, म्हणजे आमच्यासारख्या २००५ नंतरच्या, कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाला तर कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे कुटुंबनिवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. आमच्या पहिल्या निवेदनातली मागणी. मी तो निर्णय मोबाईलवर तीनदा वाचला आणि पहिल्या फोनसाठी वहिनींचा नंबर शोधला. त्या तोवर एका शाळेत खिचडी शिजवायच्या कामावर होत्या. आधी त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी विचारलं, “कागदं कोनते लागतीन?”

कागदांची ती वाट मोठी होती. विकल्पाचा नमुना, वारस दाखला, खात्यातून आधी मिळालेल्या रकमेचा हिशोब, सेवापुस्तक. सेवापुस्तकात दोन वर्षांच्या वेतनवाढीच्या नोंदीच नव्हत्या. जुन्या पगारबिलांच्या गठ्ठ्यांतून त्या शोधून काढायला आम्ही चार रविवार घातले. एका टेबलावर सांगितलं की हा निर्णय तुम्हाला लागू नाही, तेव्हा मी निर्णयाची प्रत उघडून परिच्छेदावर बोट ठेवलं. त्याच वहिनी, तीच कापडी पिशवी, त्याच पायऱ्या. पण या वेळी आमच्या हातात छापील निर्णय होता आणि समोरच्याला ‘असं काही नाही’ म्हणता येत नव्हतं. वर्ष लागलं. पहिल्या महिन्याची रक्कम खात्यात आली त्या दिवशी वहिनी पासबुक घेऊन माझ्या घरी आल्या. थोरला आता कॉलेजात जातो. त्याच्या फीचं आधी बोलल्या, मग नवऱ्याचं बोलल्या, मग दोघी गप्प बसून राहिलो.

माझं स्वतःचं अजून लटकलेलं आहे. संपाचे सात दिवस पुढे रजा म्हणून नियमित झाले, सेवेत खंड पडला नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला पुन्हा संप पुकारला, तो आश्वासनावर लगेच थांबला. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानं ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. माझ्याच खोलीतला एक सहकारी त्यात बसला. मी पेढा खाल्ला, मनापासून. मी बसत नाही. माझ्यासाठी १ मार्च २०२४ ला विधिमंडळात सुधारित योजना जाहीर झाली : शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के, त्यावर महागाई भत्ता, पण आमची दहा टक्के कपात चालूच. आधीपेक्षा बरंच बरं आहे हे मी मान्य करते. पण हे पन्नास टक्के कसे ठरले, कपात का ठेवली, यावर आमच्या बाजूचा हिशोब कुणासमोर मांडता आला नाही. निर्णय वरून आला. चांगला असो वा वाईट, वरूनच येतो.

म्हणून मागच्या महिन्यात मी बत्तिसावं निवेदन लिहिलं. त्यात पेन्शनचा शब्द नाही. दर तीन महिन्यांनी तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर मान्यताप्राप्त संघटनांबरोबर ठरलेल्या तारखेला बैठक व्हावी, विषय पंधरा दिवस आधी लेखी घ्यावेत, इतिवृत्त सात दिवसांत द्यावं, न सुटलेला विषय वरच्या पातळीवर जावा आणि शेवटी लवादाकडे, आणि हे सगळं परिपत्रकात नाही तर कायद्यात असावं. दीड पान झालं. मामाला वाचून दाखवलं. त्यानं एकच दुरुस्ती सुचवली : “बैठकीला दोन्ही बाजू बसतील, हे लिही. ‘बसतील’ हा शब्द पाहिजे.” मी तो घातला.

आवक टेबलावर नवा मुलगा होता, २०२२ च्या भरतीतला. त्यानं शिक्का मारायच्या आधी निवेदन वाचलं. सगळं वाचलं, दुसऱ्या पानासकट. मग शिक्का मारला, क्रमांक घातला, माझी प्रत मला दिली आणि विचारलं, “मॅडम, याची एक झेरॉक्स मी ठेवली तर चालेल का?”

मी निळ्या फाईलमधून जादा प्रत काढून त्याला दिली.